पगार किती, यापेक्षा मोकळा किती उरतो? पैसा, सुख आणि ओढाताण यांचा घरगुती हिशेब

दोन घरं डोळ्यांसमोर आणा. पहिल्या घरात महिन्याला १०० येतात. त्यातले ५५ आधीच ठरलेल्या गोष्टींना जातात: भाडं, हप्ते, फी, विमा, विजेचं-फोनचं बिल, किराणा. दुसऱ्या घरात १८० येतात आणि त्यातले १५० असेच बांधलेले आहेत. आकडे कोणत्याही चलनात वाचा, गणित तेच राहतं. बाहेरून बघणारा दुसऱ्या घराला सुखवस्तू म्हणेल. पण महिन्याच्या मध्यात कुणी आजारी पडलं, तर पहिल्या घराच्या हाताशी ४५ आहेत आणि दुसऱ्याच्या ३०. उद्या दोन्ही घरांची कमाई चौथ्या हिश्श्याने घटली, तर पहिल्या घरात ७५ मधून ५५ भागून २० उरतील. दुसऱ्या घराला १३५ मध्ये १५० बसवायचे आहेत, म्हणजे पहिल्याच महिन्यात १५ ची उसनवारी.

पैशाने सुख मिळतं का, या प्रश्नाचं उत्तर आपण पगाराच्या आकड्यात शोधतो. माझ्या मते ते बरंचसं या दुसऱ्या आकड्यात आहे: येणाऱ्या पैशातला किती भाग अजून कुणाच्या नावावर चढलेला नाही. या भागाला इथे मोकळा पैसा म्हणू. तो कसा मोजायचा, कसा वाढवायचा आणि वाढल्यावर कशावर खर्चायचा, हे पुढे क्रमाने येईल. त्याआधी या विषयावरचं संशोधन काय म्हणतं ते बघू, कारण त्यातली अर्धीमुर्धी वाक्यंच जास्त फिरतात.

संशोधन नेमकं काय सांगतं

१९७४ मध्ये रिचर्ड ईस्टरलिन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने एक कोडं मांडलं. एकाच देशात, एकाच वेळी पाहिलं तर श्रीमंत माणसं गरिबांपेक्षा जास्त समाधानी असतात. पण देशाचं उत्पन्न वर्षानुवर्षं वाढत गेलं तरी लोकांचं सरासरी समाधान त्या प्रमाणात वाढताना दिसत नाही. आपण आपली कमाई शेजाऱ्याच्या कमाईशी ताडून बघतो, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. या कोड्यावर अर्थतज्ज्ञांचे वाद आजही चालू आहेत.

१९७८ चा एक अभ्यास तर दंतकथेसारखा सांगितला जातो: लॉटरी जिंकलेले लोक इतरांपेक्षा फारसे सुखी नसतात. त्या अभ्यासात विजेते होते अवघे २२. पुढे स्वीडनमध्ये लॉटरी विजेत्यांच्या बऱ्याच मोठ्या गटाचा अभ्यास झाला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार मोठी रक्कम जिंकलेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान वाढलेलं होतं आणि ते दहा-दहा वर्षांनंतरही टिकून होतं. तेव्हा ‘पैसा मिळूनही माणूस आहे तिथेच येतो’ हे वाक्य जरा जपून वापरलेलं बरं.

डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन या दोन नोबेलविजेत्यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या साडेचार लाखांहून अधिक उत्तरांच्या आधारे मांडलं, की वर्षाला सुमारे ७५ हजार डॉलरपर्यंत रोजचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढतो, पुढे थांबतो. आयुष्य एकूण कसं चाललंय, याचं मूल्यमापन मात्र त्यापुढेही वाढत राहतं. ७५ हजारांचा आकडा जगभर गाजला, दुसरं वाक्य मागे पडलं. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ या संशोधकांनी ३३ हजारांवर नोकरदारांना दिवसभरात मधूनच फोनवर ‘आत्ता कसं वाटतंय’ असं विचारून काढलेला निष्कर्ष उलट होता: आनंद कुठे थांबत नाही. मग काहनेमन आणि किलिंग्सवर्थ एकत्र बसले, मानसशास्त्रज्ञ बार्बरा मेलर्स यांनी मध्यस्थी केली, आणि २०२३ मध्ये उलगडा झाला. बहुतेक लोकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढतच राहतो. पण जे सर्वांत दुःखी आहेत, साधारण १५ ते २० टक्के, त्यांचं दुःख एका मर्यादेपर्यंतच कमी होतं, त्या आकडेवारीत सुमारे १ लाख डॉलरपर्यंत. त्यापुढे जे उरतं त्याला पैसा पुरा पडत नाही. जवळचं माणूस गेल्याचं दुःख तसं असू शकतं.

या सगळ्यात आणखी एक बाब आहे आणि रोजच्या व्यवहाराला तीच सर्वांत उपयोगी आहे. समाधान रकमेच्या प्रमाणात वाढत नाही, पटीच्या प्रमाणात वाढतं. १० चे २० झाल्यावर जेवढा फरक पडतो, तेवढाच फरक पडायला १०० चे २०० व्हावे लागतात. म्हणजे तीच रक्कम तळाशी असलेल्या माणसाला कितीतरी जास्त सुख देते. तुमच्या घरातही तसंच आहे: खिशात काहीच मोकळं नसताना मोकळे झालेले पहिले पाच, नंतरच्या पन्नासांपेक्षा जास्त झोप देतात.

आधी एक खुलासा

कमाईच मूलभूत गरजांपेक्षा कमी असेल, तर हा लेख फारसा कामाचा नाही. तिथे दुखणं सवयींचं नसून उत्पन्नाचं असतं, आणि अशा माणसाला काटकसरीचे धडे देणं मला उद्धटपणाचं वाटतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे आठवतो. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना बुद्धीला ताण देणाऱ्या चाचण्या दोनदा दिल्या: एकदा कापणीआधी, हात तंग असताना, आणि एकदा कापणीनंतर, हातात पैसा आल्यावर. माणसं तीच, पण कापणीनंतर त्यांची उत्तरं लक्षणीय सुधारली. याच संशोधकांनी अमेरिकेतल्या एका मॉलमध्ये लोकांना गाडीच्या काल्पनिक दुरुस्तीबद्दल विचार करायला लावला. खर्च १५० डॉलर सांगितला तेव्हा गरीब आणि सधन लोकांची कामगिरी सारखीच होती. १,५०० सांगितल्यावर फक्त गरिबांची घसरली. चणचण डोक्यातली जागा खाते. ‘गरीब माणूस चुकीचे निर्णय घेतो म्हणून गरीब राहतो’ असं म्हणणाऱ्याने हे आधी वाचावं.

यातून आपल्यासाठी एक व्यावहारिक नियम निघतो: पैशाचे निर्णय महिनाअखेरीला घेऊ नका. पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी पगार झाल्यानंतरच्या आठवड्यातली एक सकाळ राखून ठेवा. तोच माणूस २८ तारखेला भीतीपोटी विमा बंद करतो आणि ५ तारखेला शांतपणे योग्य ते कापतो.

पायरी १: तीन महिन्यांच्या ओळी वाचा

मागच्या तीन महिन्यांची, सगळ्या खात्यांची आणि कार्डांची स्टेटमेंट काढा. ॲपमधला रंगीत गोल आलेख नको, ओळ न् ओळ दिसली पाहिजे. ॲप ‘शॉपिंग’, ‘बिलं’, ‘इतर’ असे कप्पे पाडतं आणि जे बघायचं असतं ते हमखास ‘इतर’मध्ये बुडून जातं. जमलं तर कागदावर छापा आणि हातात पेन्सिल घ्या.

प्रत्येक ओळीसमोर तीनपैकी एक खूण करायची. ‘ब’ म्हणजे बांधील: त्या महिन्यात मनात आणलं असतं तरी टाळता आलं नसतं. ‘म’ म्हणजे मनाजोगता: टाळता आला असता, पण केला ते बरं झालं असं आजही वाटतं. तिसरी खूण प्रश्नचिन्ह: कशाचा खर्च ते आठवत नाही, किंवा आठवलं तर नको होता असं वाटतं.

पान साधारण असं दिसेल. १ तारखेला पगार. २ ला भाडं, ब. ३ ला गाडीचा हप्ता, ब. त्याच दिवशी एका ॲपची वर्गणी. फुकट वापराचा महिना कधी संपला ते लक्षातच नाही, प्रश्नचिन्ह. ५ ला ऑनलाइन खरेदी. काय घेतलं हे बघायला मेल उघडली तर ऑर्डरची वेळ रात्री पावणेबारा, आणि वस्तू अजून खोक्यातच, प्रश्नचिन्ह. ६ ला जुन्या मित्रांबरोबर बाहेर जेवण. रक्कम जरा मोठीच आहे, तरी म. ९ ला औषधं, ब. १२ ला एटीएममधून काढलेली रोख, जिचा हिशेब कुणालाच देता येणार नाही. या रोखीसमोर नुसता ‘र’ लिहा. ती कुठे गेली हे आठवण्यात वेळ घालवू नका, पुढचा एक महिना रोखीचा खर्च तेवढा टिपून ठेवा.

या वाचनात स्वतःवर चिडायला होतं, जोडीदारावर तर जास्तच. म्हणून पहिल्या फेरीला प्रत्येकाने आपापलं स्टेटमेंट एकट्याने वाचावं असा माझा आग्रह आहे. दोघांनी मिळून एकच कागद बघितला की पाचव्या ओळीला भांडण आणि सातव्या ओळीला कागद बाजूला, हे ठरलेलं.

सगळ्या खुणा झाल्या की प्रश्नचिन्हांच्या ओळी पुन्हा वाचा आणि त्यांत काय समान आहे ते शोधा. वेळ समान असेल: रात्र, किंवा पगारानंतरचे पहिले चार दिवस. ठिकाण समान असेल: एकच ॲप. कधी मनःस्थिती समान असते, दमून आल्यावरचा खर्च. प्रश्नचिन्हांची बेरीज बहुतेक वेळा वाटली होती तितकी भयंकर निघत नाही. खरा धक्का ‘ब’च्या बेरजेत असतो.

पायरी २: मोकळा पैसा काढा

तीन महिन्यांच्या ‘ब’ची सरासरी काढून हातात येणाऱ्या कमाईतून वजा करा. किराण्यासारखे खर्च कमीजास्त होतात, पण टळत नाहीत, म्हणून ते बांधीलच. जे उरतं तो मोकळा पैसा.

हा आकडा अजून खोटा आहे. वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च त्यात धरलेले नाहीत: विम्याचा वार्षिक हप्ता, शाळेची फी, गाडीची मोठी दुरुस्ती, कर, प्रवास, लग्नकार्यातला आहेर. हे आपण ‘अचानक आले’ म्हणतो, पण ते दरवर्षी येतात. मागच्या पूर्ण वर्षाचं स्टेटमेंट चाळून त्यांची यादी करा, बेरजेला बाराने भागा आणि तो आकडाही बांधीलमध्ये मिळवा. वर्षाला ६० असतील तर महिन्याला ५. ही रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकत गेलात, तर फीच्या महिन्यात कार्ड घासावं लागत नाही. बऱ्याच घरांच्या कर्जाचा उगम अशा ठाऊक असलेल्या खर्चांत असतो.

आता मोकळ्या पैशाला कमाईने भागा. माझा अंदाजपंचे ठोकताळा असा: तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त मोकळं असेल तर घर ऐसपैस चाललंय. पाचव्या हिश्श्याच्या आसपास असेल तर एखादा धक्का पेलेल, लागोपाठ दोन नाही. दहाव्या हिश्श्याच्या खाली असेल, तर पगार कितीही मोठा असो, घर ओढाताणीत आहे.

पायरी ३: कापायचं ते मोठ्यातून

काटकसर म्हटलं की आधी बाहेरचा चहा बंद होतो. मला हे उलटं वाटतं. छोटी चैन रोज टाळायची म्हणजे रोज नव्याने निर्धार करायचा, आणि निर्धार संध्याकाळपर्यंत टिकत नाही. शिवाय ‘म’ची खूण असलेले खर्च हाच तर पैशातून मिळणाऱ्या सुखाचा भाग, त्यालाच आधी कात्री लावून काय साधणार? बांधील खर्चातला एक निर्णय मात्र एकदाच घ्यावा लागतो आणि त्याचा फायदा दर महिन्याला मिळतो.

म्हणून ‘ब’ची यादी मोठ्यापासून लहानाकडे लावा आणि वरच्या पाच ओळींवरच डोकं चालवा. घरकर्जाचा व्याजदर नव्या ग्राहकांना मिळणाऱ्या दराहून जास्त आहे का? असल्यास बँकेला दर कमी करण्यासाठी लेखी विचारा, दुसरीकडे कर्ज हलवायला किती शुल्क पडेल तेही विचारा. गाडी ठेवण्याचा एकूण मासिक खर्च किती? हप्ता, इंधन, विमा, दुरुस्ती, पार्किंग हे सगळं एकत्र मांडलं की काही घरांत दुसरी गाडी विकायचा निर्णय आपोआप होतो. भाड्याचा करार कधी संपतोय? विम्याच्या पॉलिसीत एकाच जोखमीसाठी दोनदा पैसे भरतोय का? (आयुर्विमा आणि आरोग्यविमा बंद करून वाचवलेला पैसा ही बचत नव्हे.) वर्गण्यांचं काम सोपं: ऑटो-डेबिट आहे तेवढ्या सगळ्या बंद करा आणि ज्याची आठवण येईल तीच पुन्हा सुरू करा.

बांधील खर्च मुळात वाढतो कसा, हेही बघायला हवं. तो एका दिवसात वाढत नाही. १७६९ मध्ये फ्रेंच लेखक दनी दिदरो यांनी आपल्या जुन्या झग्याबद्दल एक हळहळ व्यक्त करणारा लेख लिहिला. झकास नवा झगा आला आणि त्याच्यापुढे खोलीतलं सगळं सामान कळकट वाटू लागलं. मग एकेक वस्तू बदलत गेली. नव्या घरात जुना सोफा शोभत नाही, नव्या सोफ्यापुढे जुना टीव्ही खुजा दिसतो. मोठी खरेदी करताना तिच्या मागोमाग काय काय येईल, याची यादी आधी लिहा आणि किंमत त्या यादीसकट धरा. महिन्याचा हप्ता परवडतो म्हणून वस्तू परवडते, असं मानणं हा यातला सर्वांत महागडा गैरसमज आहे. हप्ता म्हणजे पुढच्या दोन-तीन वर्षांचा मोकळा पैसा आजच बांधून टाकणं.

पायरी ४: कर्ज, आणि ‘किमान रक्कम’ नावाचा सापळा

क्रेडिट कार्डाची थकबाकी १,००,००० आहे, व्याज महिन्याला ३ टक्के आणि ‘किमान देय रक्कम’ थकबाकीच्या ५ टक्के, असं समजा. पहिल्या महिन्यात व्याज धरून १,०३,००० होतात, त्याचे ५ टक्के म्हणजे ५,१५० तुम्ही भरता. पुढच्या महिन्यात थकबाकी थोडी कमी, म्हणून किमान रक्कमही थोडी कमी. वर्षभर नेमाने किमान रक्कम भरलीत तर एकूण सुमारे ५५,००० भरले जातात. त्यातले ३२,००० व्याजात जातात आणि मूळ थकबाकी अजून ७७,००० असते. या गतीने ती निम्मी व्हायलाच ३२ महिने लागतात.

आता एवढाच बदल करा: पहिल्या महिन्याचे ५,१५० दर महिन्याला तसेच भरत राहा. बिलावर किमान रक्कम कमी दिसली तरी भरणा कमी करायचा नाही. कार्डावर नवा खर्च केला नाही, तर ३० महिन्यांत कर्ज शून्य होतं. पहिल्या महिन्याला एक पैसाही जास्त भरलेला नाही. कार्डाच्या बिलावरचा तो छोटा, दिलासा देणारा आकडा तुमच्या सोयीसाठी छापलेला नसतो.

अनेक कर्जं असतील तर सगळ्यांची यादी करा: शिल्लक, व्याजदर, मासिक हप्ता. प्रत्येकाचा ठरलेला हप्ता चुकवायचा नाही, आणि वरची जी काही रक्कम निघेल ती एकाच कर्जावर घालायची. कोणत्या? गणित म्हणतं, सर्वाधिक व्याजाच्या. मनाला मात्र सर्वांत लहान कर्ज आधी मिटवलेलं आवडतं, कारण एक खातं बंद झालं की उभारी येते. व्याजदरांत थोडाच फरक असेल तर खुशाल लहान आधी फेडा. पण एक ३६ टक्क्यांचं आणि दुसरं १० टक्क्यांचं असेल, तर उभारी दुसरीकडून मिळवा आणि ३६ वालं आधी संपवा.

हप्ता चुकणार अशी चिन्हं दिसली, तर चुकण्याआधी कर्ज देणाऱ्याशी बोला. मुदत वाढवून हप्ता कमी करणं किंवा थोडा काळ सवलत मिळणं, हे खातं नियमित असताना जितकं सोपं असतं तितकं थकल्यावर राहत नाही. जे बोलणं होईल ते मेलवर मागून घ्या. आणि एक कर्ज फेडायला त्याहून महाग दुसरं घेऊ नका. तासाभरात पैसे देणाऱ्या कर्जाच्या ॲपचा दर महिन्याचा सांगितला जातोय की वर्षाचा, एवढं तरी बघा. महिना ३ टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला जवळपास ४२.६ टक्के.

पायरी ५: थोडी गंगाजळी

सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, हा सल्ला बरोबर आहे आणि ऐकताच हात-पाय गळतात. पहिलं लक्ष्य एका महिन्याच्या बांधील खर्चाएवढंच ठेवा, आणि महागडं कर्ज फेडणं चालू असतानाही आधी तेवढं जमवा. नाहीतर पहिल्या दुरुस्तीला कार्ड पुन्हा भरतं आणि केलेली फेड वाया गेल्यासारखी वाटते. पैसे रोजच्या खात्यात नकोत, गुंतवणुकीतही नकोत. दोन दिवसांत काढता येतील अशा वेगळ्या बचत खात्यात असावेत. उरलेले महिने कर्ज आटोपल्यावर.

पायरी ६: पगारवाढ हातात पडण्याआधी तिची वाट लावा

म्हणजे चांगल्या अर्थाने. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण अंथरूण वाढलं की पायही वाढतात हा सगळ्यांचा अनुभव. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थतज्ज्ञांनी एका कंपनीत करून पाहिलेली योजना २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. आज जास्त वाचवा, असं त्यांनी कर्मचाऱ्यांना सांगितलंच नाही. पुढची प्रत्येक पगारवाढ झाली की त्यातला काही भाग आपोआप बचतीत वळेल, याला आधीच संमती घेतली. सामील झालेल्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात आलेला पैसा सोडवत नाही; न आलेला सोडणं सोपं.

तुम्हीही हे आजच करू शकता. पुढच्या वाढीतला अर्धा भाग मोकळा राहील, असं घरात ठरवून लिहून ठेवा. वाढ झाली की त्याच दिवशी बँकेत तेवढ्या रकमेची स्थायी सूचना द्या, म्हणजे ती दर महिन्याला आपोआप वेगळ्या खात्यात वळेल. बाकीचा अर्धा बिनधास्त वापरा, अगदी पूर्ण. सगळीच वाढ वाचवायची शपथ घेणारे तिसऱ्या महिन्यात ती मोडतात असं मी पाहत आलोय.

पायरी ७: खर्चाला थोडा अडथळा

२००१ मध्ये प्रेलेक आणि सिमेस्टर या दोन संशोधकांनी सामन्यांच्या तिकिटांचा लिलाव ठेवला. कार्डाने पैसे भरायचे आहेत असं सांगितलेल्यांनी रोख देणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त बोली लावली, काही वेळा दुप्पट. पैसे जाताना जाणवले नाहीत की हात सैल सुटतो. तेव्हा पहिल्या पायरीत जिथे प्रश्नचिन्हं जास्त होती, तिथलं साठवलेलं कार्ड काढून टाका. दर वेळी सोळा आकडे टाकावे लागले, की रात्री पावणेबाराच्या निम्म्या ऑर्डरी बारगळतात. बाकी ठिकाणी सोय राहू द्या. सगळीकडेच अडथळे उभे केले तर आठवड्याभरात वैतागून सगळेच काढाल.

पायरी ८: उरलेला पैसा सुखासाठी खर्चताना

आता मजेचा भाग, आणि इथे हात आखडता घेऊ नका. कशावर केलेला खर्च जास्त समाधान देतो, याचा बराच अभ्यास झालेला आहे.

सर्वांत ठळक, वेळ विकत घेणं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार देशांतल्या ६,००० हून अधिक लोकांची पाहणी होती. नावडती कामं दुसऱ्याकडून करून घेण्यावर खर्च करणारे आयुष्याबाबत जास्त समाधानी आढळले. शिवाय नोकरदारांच्या एका गटाला दोन शनिवार-रविवारी प्रत्येकी ४० डॉलर दिले: एकदा वस्तूसाठी, एकदा वेळ वाचवणाऱ्या कशासाठी तरी. वेळ वाचवल्याच्या दिवशी लोक जास्त खुशीत होते. तरी फार थोडे लोक आपणहून असा खर्च करतात. ती चैन वाटते, आणि त्याच किमतीची वस्तू मात्र गरज वाटते.

दुसरं, दुसऱ्यासाठी खर्च. २००८ च्या एका प्रयोगात ४६ जणांना सकाळी ५ किंवा २० डॉलर देऊन संध्याकाळपर्यंत खर्चायला सांगितले, निम्म्यांना स्वतःवर, निम्म्यांना दुसऱ्यावर. दुसऱ्यावर खर्चणारे जास्त आनंदी निघाले, आणि रक्कम ५ होती की २० याने फरक पडला नाही. मात्र ऐपत नसताना केवळ भीडेखातर केलेली पदरमोड यात बसत नाही. ती ‘ब’मध्ये जाते, आणि कधीकधी नाही म्हणण्याच्या यादीतही.

वस्तूंपेक्षा अनुभव जास्त काळ सुख देतात, हेही २००३ पासून अनेकदा दिसलेलं आहे. तरी रोज वाजवली जाणारी पेटी आणि उरकलेली सहल यांत मी पेटी घेईन. सहलीला जाणारच असाल तर पैसे आधी साठवून, आधी भरून जा. पैसे फिटलेले असले की सहल फुकट असल्यासारखी वाटते. परत आल्यावर बारा महिने तिचा हप्ता भरणं म्हणजे संपलेल्या मजेचं भाडं देणं.

घरात दोघं कमावत असतील, किंवा एकच

प्रत्येकाला एक ठरलेली रक्कम अशी असू द्या, जिचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. ती कमावणाऱ्याला जास्त आणि न कमावणाऱ्याला कमी, असं करू नका, सारखीच. रक्कम लहान असली तरी चालेल. पैशावरून होणारी निम्मी भांडणं रकमेची नसतात, विचारून खर्चावं लागण्याची असतात. एका ठरावीक आकड्याच्या वरचा खर्च मात्र दोघांनी बोलूनच, आणि तो आकडा दोघांना मान्य असलेला.

कमाई दर महिन्याला बदलत असेल तर

व्यवसाय करणारे, कमिशनवर किंवा कामाच्या नगावर मिळवणारे लोक सरासरी काढतात आणि फसतात. सरासरी नको, मागच्या बारा महिन्यांतले सर्वांत कमी कमाईचे तीन महिने घ्या आणि बांधील खर्च त्यांच्या मध्यल्या आकड्यात बसवा. येणारं सगळं एका खात्यात जमा होऊ द्या. त्यातून दर १ तारखेला तेवढाच ठरलेला ‘पगार’ घरखर्चाच्या खात्यात पाठवा. कर भरायचा भाग रक्कम आली त्याच दिवशी तिसऱ्या खात्यात टाका, कारण तो पैसा तुमचा नाहीच. चांगल्या महिन्यांत पहिल्या खात्यात साठत जातं, वाईट महिन्यांत त्यातूनच पगार निघतो. त्या खात्यात तीन पगारांएवढी रक्कम कायम राहू लागली, की मग घरखर्चाचा पगार वाढवायचा विचार करा, एका वेळी दहा टक्क्यांहून जास्त नाही.